तरंगलेलं बी

१

सिंधूचं बी पाण्यावर तरंगलं, तेव्हा मला कळलं की चोरी झाली आहे.

श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर सकाळची ओहोटी होती. गाडी मागे सुरूच्या झाडांत उभी होती. बाकीचे अजून उठले नव्हते. मी स्टीलचा डबा घेऊन एकटाच पाण्याकडे गेलो. वाळूत एका जागी समुद्राचं पाणी साचलं होतं, तिथं बसलो. झाकण काढलं, आतली फडक्याची पुरचुंडी सोडली आणि पहिली मूठ त्या पाण्यात सोडली.

काळं बी पसरलं आणि वरच राहिलं. हातानं ढवळलं, तरी पुन्हा वर आलं.

ज्यांना कांद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साठवणीतले चांगले कांदे निवडून पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना डोंगळे म्हणतात. त्यांना फुलांचे गोंडे येतात, गोंडे वाळले की त्यातून बी निघतं. माझी बायको सिंधू दर उन्हाळ्यात हे बी बादलीत टाकायची. पोचट बी वर यायचं, ते ती काढून घ्यायची. भरलेलं बी तळाला बसायचं. तेवढंच सावलीत वाळवून, फडक्यात बांधून, वर एक बिब्बा टाकून या डब्यात ठेवायची. बिब्ब्यानं किडा लागत नाही. म्हणजे तिच्या डब्यात तरंगणारं बी असूच शकत नव्हतं.

यंदाच्या उन्हाळ्यातही तिनं असंच केलं. आषाढात ती गेली. त्यानंतर डबा मी उघडला नव्हता.

हे बी तिच्या आईकडून आलेलं. बाजारात मिळत नाही. कांद्याचं बी फार तर वर्षभर जगतं, या हंगामात पेरलं नाही तर संपलं. तिच्या बहिणीकडे याच जातीचं होतं, ते गारपिटीत गेलं. आता जे काही होतं ते या एका डब्यात होतं.

मग मी ते समुद्रात का सोडत होतो? तिच्या अस्थी रामकुंडात सोडल्या. भटजी म्हणाले, सगळं झालं. पण डबा राहिला. पेरलं तर कांदा होणार, कांदा बाजारात जाणार, आणि मला एकट्याला ते करायचं नव्हतं. ठेवलं तर डब्यातच मरणार. म्हणून ठरवलं होतं.

पण माझ्या हातानं जाणं वेगळं आणि कुणी नेणं वेगळं. शिवाय कुणी नेलं असेल तर ते अजून जिवंत असणार. हे मनात आलं आणि मला तिथं बसवेना. डबा काखेत मारून मी गाडीकडे निघालो. गाडीत चार माणसं झोपली होती. त्यांतल्याच कुणीतरी नेलं होतं.

२

गाडी म्हणजे माझ्या मुलाची, स्वराजची. त्यानं जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर केलं होतं. आत झोपायला फळ्या, शेगडी, भांडी घासायला छोटी मोरी. पुढं ती पर्यटकांना भाड्यानं द्यायची होती. पहिली फेरी घरच्यांची. "आईशिवायची पहिली दिवाळी घरात नको," असं तो म्हणाला, आणि वसुबारसेला आम्ही मखमलाबादहून निघालो. घोटीवरून भंडारदरा, मग माळशेज घाट उतरून कोकण. डोंगर झाले, आता किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं होतं. मला कुठंच करमत नव्हतं. गाडी थांबली की मी उतरून चालायचो, आणि चालायला लागलो की गाडी कधी सुटेल असं व्हायचं.

डबा माझ्या झोपायच्या फळीखालच्या कप्प्यात होता. कप्प्याला कुलूप नव्हतं.

पहिल्यांदा मालनबाई उठल्या. सिंधूची थोरली बहीण, चांदवडला दिलेली. मी त्यांना आक्का म्हणतो. त्या नळावर तोंड धूत होत्या.

"आक्का, हे बघा. तरंगतंय."

"समुद्राच्या पाण्यात माणूससुद्धा तरंगतं, पाव्हणे. खारं पाणी हाय ते."

पदरानं तोंड पुसत त्या आत गेल्या आणि पेलाभर गोडं पाणी घेऊन आल्या. चिमूटभर बी टाकलं, बोटानं दाबलं. बी वर आलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं.

"हे आमच्या सिंधूचं नाय," त्या म्हणाल्या.

"तेराव्याला तुम्ही मूठभर बी मागितलं होतं."

"मागितलं. तुमी दिलं नाय. म्हणून मी चोरलं, असं म्हणायचंय का?"

"म्हणत नाही. विचारतोय."

"मग ऐका. मला जे पायजे ते मी भांडून घेते. सासूच्या पाटल्या भांडून घेतल्या, विहिरीतला हिस्सा भांडून घेतला. चांदवडात कुणालाही विचारा, मालनबाईनं गुपचूप काय नेलंय का." त्यांनी पुरचुंडीत वाकून पाहिलं. "आन हा बिब्बा बघा, नवा हाय. मी हात लावते का बिब्ब्याला? लहानपणी लावला तर थोबाड सुजून भोपळा झालं व्हतं. माझ्या डब्यात कडुनिंबाचा पाला असतो. तुमच्या बायकोनं मला त्यावरून जन्मभर चिडवलं."

हे खरं होतं. सिंधू तो भोपळ्याचा किस्सा दर दिवाळीला सांगायची.

"पण मला सांगा," मालनबाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "तुमी हे पाण्यात का टाकत व्हता?"

मी पुरचुंडी बांधायला लागलो. त्यांना समजलं. पेल्यातलं पाणी त्यांनी वाळूवर ओतलं.

"मला मूठभर दिलं असतं तर काय गेलं असतं तुमचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग गाडीच्या दाराकडे बघून आवाज आणखी खाली केला. "त्या जीवनला विचारा. भंडारदऱ्याला तुमच्या डब्याभोवती घुटमळत व्हता. मी बघितलं."

३

जीवन स्वराजचा कॉलेजचा मित्र, कळवणकडचा. गाडी आलटूनपालटून दोघं चालवायचे आणि स्वयंपाक जीवन करायचा. त्याचे भाऊ कांद्याचं रोप तयार करून विकतात. बी चांगलं असलं की रोप चांगलं, हे त्याला कुणी सांगायला नको.

बागमांडल्याहून पलीकडे जायला गाड्या फेरीबोटीवर चढवतात. आमची गाडी चढली. बोट सुटल्यावर मी जीवनला कठड्यापाशी गाठलं.

"भंडारदऱ्याला माझ्या कप्प्यापाशी काय करत होतास?"

तो घाबरला. घाबरला की तो आहिराणीत शिरतो. "मी नही लिधं, काका. देवनी आण."

"काय नाही घेतलं? मी अजून काहीच बोललो नाही."

"मावशी सकाळपासून माझ्याकडं पोलिसासारख्या बघताहेत. चहात साखर कमी पडली तेव्हा म्हणाल्या, साखरसुद्धा गायब झाली का." तो जरा सावरला. "काका, खरं सांगतो. मी डबा उघडून बघितला. फक्त बघितला. यंदा चांगलं बी कुठं मिळत नाही. मला वाटलं, तुम्हाला विचारून भावांसाठी थोडं मागावं. पण बी हातात घेतलं आणि मागायचं सोडून दिलं."

"का?"

"हलकं लागलं. तुमच्या तोंडावर कसं सांगायचं? काकूंच्या हातचं बी, त्याला नाव ठेवायचं का?"

म्हणजे भंडारदऱ्याला, पहिल्याच मुक्कामाला, डब्यात पोचट बी होतं.

"आणि मला चोरायचं असतं तर मी डबाच नेला असता," जीवन म्हणाला. "त्यात दुसरं कांद्याचं बी भरत कशाला बसेन? आणि आणणार कुठून? माझ्याकडं हळद, मिरची आणि चहाची पावडर आहे."

या बोलण्यात तथ्य होतं. चोर रिकामी जागा भरत बसत नाही. ज्यानं भरली त्याला काहीतरी वेगळंच हवं होतं.

"कुणाला बोलू नको," मी म्हणालो. "आणि त्या शेगडीचं काहीतरी कर. सूनबाईचं बोट भाजलं म्हणे चहा करताना."

जीवननं माझ्याकडे पाहिलं. "वहिनींचं? नाही हो काका. गॅसचा जोड अजून नीट बसलेला नाही. स्वराजनं बजावलंय, शेगडीला जीवनशिवाय कुणी हात लावायचा नाही. वहिनींनी या गाडीत चहा केलेलाच नाही."

बोटीच्या दुसऱ्या टोकाला माझी सून हर्षाली पाठमोरी उभी होती, फोन कानाला लावून. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. वारा माझ्याकडे येत होता, त्यामुळे तिचे शब्द ऐकू आले.

"किती पसरलंय? ... कालच्यापेक्षा जास्त? ... फोटो पाठव मला, आत्ता."

मला बघितल्यावर तिनं फोन बंद केला.

"माहेरी भिंतीला ओल आलीय, अण्णा," ती म्हणाली.

मी काही विचारलं नव्हतं.

४

तरी सुनेआधी मी संशय घेतला तो मुलाचा. सून शहरातली, कॉलेज रोडची. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते. गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन आली. कांदा चिरण्यापलीकडे तिचा आणि कांद्याचा संबंध आहे असं मला वाटत नव्हतं. स्वराजचं तसं नव्हतं. त्याला माझी जमीन हवी होती, हे मला कुणी न सांगताच माहीत होतं.

केळशीच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. स्वराज गाडीखाली वाकून काहीतरी बघत होता. मी सरळच विचारलं.

"डब्यातलं बी तू बदललंस का?"

तो बाहेर आला. हात पुसत राहिला. "बदललं म्हणजे?"

मी सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

"अण्णा, मी कशाला बदलू? तुम्ही डबा गाडीत घेतलात तेव्हाच मला समजलं तुम्ही काय करणार आहात. श्रीवर्धनला मी मुद्दाम पाण्याजवळ गाडी लावली. वाटलं, एकदा तुमच्या मनासारखं होऊ दे, मग बोलता येईल."

"काय बोलता येईल?"

"विहिरीकडच्या जमिनीचं. तिथं गाड्या उभ्या करायला जागा करू. दोनचार तंबू, चुलीवरचं जेवण. लोक येतात अण्णा, नाशिकला येऊन शेतात राहायला बघतात. तुम्हीच दसऱ्याला म्हणालात ना, यंदा रोप टाकायचं नाही. मग ती जमीन पडून ठेवायची का?"

"म्हणजे बी गेलं तर तुला बरंच."

"हो," तो म्हणाला. "बरंच. खोटं कशाला बोलू. ते बी असेपर्यंत तुम्ही ना शेती करणार, ना मला काही करू देणार. आई गेल्यापासून तुम्ही शेतात पाय टाकलेला नाही. मला आईची आठवण येत नाही का? पण मी कुठंतरी कामाला लागायचं की नाही?"

मला राग आला होता, पण त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मी एकच प्रश्न विचारला.

"उन्हाळ्यात आईनं बी धुतलं, तेव्हा पोचट बी काढून कुठं ठेवलं?"

"पोचट म्हणजे कुठलं?" त्यानं विचारलं.

उन्हाळाभर तो पुण्याला होता, गाडी बांधून घेत. बी धुताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

मी टपरीच्या मागे जाऊन उभा राहिलो. समोर नारळी पोफळीच्या बागा होत्या आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की स्वराजला बी बुडायला हवं होतं. ज्यानं डबा भरला त्याला ते वाचवायचं होतं.

५

मी चालत चालत जुळवत गेलो.

डब्यात पोचट बी होतं आणि ते कांद्याचंच होतं. पोचट बी कुणी विकत नाही, कुणी साठवत नाही. फक्त सिंधू ते टाकून देत नसे. पाखरांना घालायला पिशवीत भरून माळ्यावर ठेवायची. म्हणजे बी आमच्याच माळ्यावरून आलं. जीवन आमच्या माळ्यावर कधी चढला नाही. मालनबाई निघायच्या आदल्या संध्याकाळी आल्या आणि ओसरीवरच होत्या. राहिले घरातले दोघं, आणि स्वराजला पोचट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

बिब्बा नवा होता. ज्यानं टाकला त्याला सिंधूची रीत ठाऊक होती, आणि डबा उघडला तरी मला फरक कळू नये अशी त्याची इच्छा होती. बिब्ब्याचं तेल लागलं की कातडी उतते, काळी पडते. कितीतरी दिवस जात नाही. हर्षालीच्या बोटाला पट्टी होती आणि ती शेगडीनं भाजलेली नव्हती.

टपरीवर चहा पिताना मी मालनबाईंना विचारलं, "सूनबाई बोटाला काय लावते?"

"खोबरेल. सारखं खाजवती. मी म्हटलं, पोरी, भाजलेलं आग होतं, खाजत नाय. तर म्हणे माझं खाजतं." त्या थांबल्या. बशी खाली ठेवली. "अगं बाई. बिब्बा."

आणखी एक गोष्ट मला तेव्हा आठवली. डबा गाडीत ठेवला त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, हा कशाला? मुलानं विचारलं, मेहुणीनं विचारलं, जीवननंही विचारलं. हर्षालीनं विचारलं नाही. तिला डब्यात काय आहे ते माहीत होतं.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. दर्शन झाल्यावर बाकीचे पुढं गेले. हर्षाली पायरीवर बसून फोनमध्ये बघत होती. मी शेजारी बसलो.

"बोट दाखव."

"भाजलंय, अण्णा."

"शेगडीला जीवन कुणाला हात लावू देत नाही."

तिनं फोन मांडीवर उलटा ठेवला. पट्टी सोडली. बोटाच्या पेरावर काळा डाग होता, कडेला साल सुटत होती.

"जुना बिब्बा काढताना हातात फुटला," ती म्हणाली. "आईंनी सांगितलं होतं, तेल लावून मग धरायचा. मी घाईत विसरले."

"सिंधूनं तुला शिकवलं?"

"बादली मीच धरली होती. पोचट बी मीच गाळलं आणि पाखरांची पिशवी मीच माळ्यावर ठेवली. तुम्ही तेव्हा बाजारात होता. आई म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याला यातलं काही येत नाही, तू शिकून ठेव." तिचा आवाज बारीक झाला, पण ती बोलत राहिली. "दसऱ्याला तुम्ही शेतावरच्या मंगलाबाईंना सांगितलंत, यंदा रोप टाकायचं नाही. मला कुणी विचारलं नाही. तुम्ही नाही, स्वराजनं नाही. म्हणून मी घेतलं. चोरीच केली. नाही म्हणत नाही."

"बी कुठं आहे?"

"पेरलं."

"कुठं?"

"विहिरीमागच्या तुकड्यात. मी आणि मंगलाबाईंनी वाफा केला. तुम्ही तिकडं येत नाही, म्हणून दिसलं नाही."

"सगळं पेरलंस? मूठभरसुद्धा मागं ठेवलं नाहीस?"

"सगळं." मग तिनं फोन सरळ करून माझ्या हातात दिला. "अण्णा, ते मरतंय."

६

फोटोत हिरव्या दोऱ्यांसारखं रोप दिसत होतं, आणि मधेमधे पिवळे चट्टे होते. चट्ट्यांत रोप आडवं पडलं होतं. दुसरा फोटो आदल्या दिवशीचा होता. त्यात चट्टे लहान होते.

"मी दुकानात विचारलं," हर्षाली म्हणाली. "त्यांनी पावडर दिली. मंगलाबाई म्हणतात सुकतंय, पाणी द्या. मी म्हटलं द्या. तुम्हाला विचारायचं तर सगळं सांगावं लागलं असतं."

"सपाट वाफ्यात टाकलंस?"

"हो. आई कसं करायच्या ते मी पाहिलं नव्हतं. मी आले तेव्हा रोप टाकून झालं होतं."

"अगं, गादी करायची असते. माती उचलून उंच वाफा करायचा, म्हणजे पाणी खाली निघून जातं. आणि हे काय, मुठीनं ओतलंस का? एवढं दाट? मंगलाबाईला तरी कळायला नको का, तिचे केस काय उन्हात पांढरे झाले? हे सुकत नाहीये. मुळाशी कुजतंय." मी बोलत होतो आणि पायऱ्या उतरत होतो. ती मागून येत होती. "लाव फोन तिला."

मंगलाबाई आमच्या शेतात पहिल्यापासून कामाला आहेत. फोन मीच हातात घेतला.

"मंगलाबाई, वाफ्याला पाणी बंद करा."

"तुमाला कळलं व्हय," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. माझ्या पोटात राहत नव्हतं. शेजारणीला सांगायच्या बेतात व्हते."

"पाणी बंद. वाफ्याच्या कडेनं चर काढा, साचलेलं पाणी उतरू द्या. मेलेलं रोप काढून लांब टाका. मी येतोय."

गाडीपाशी स्वराज दापोलीचा रस्ता बघत होता. पुढं हर्णै, मुरूड, मग गुहागर असं त्यानं ठरवलं होतं.

"गाडी फिरव," मी म्हणालो. "घरी जायचं."

"अण्णा, आत्ता? झालं काय?"

हर्षालीनं सांगितलं. सगळं, सगळ्यांसमोर, काही न लपवता. स्वराज तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं तो ओरडेल.

"मला सांगितलं का नाहीस?" एवढंच त्यानं विचारलं.

"तू तंबू मोजत होतास," ती म्हणाली.

जीवननं दुसरीकडे तोंड फिरवलं. मालनबाई गाडीत चढत म्हणाल्या, "सावळीरामा, तुझ्या घरात चोर बरा निघाला. माझ्या घरात असला चोर पाठवून दे." त्यांनी मला नावानं हाक मारली, ती सिंधू गेल्यानंतर पहिल्यांदा. मग लगेच नेहमीच्या ठेक्यावर आल्या. "चला, पाव्हणे, बसा आता. समुद्र बघून झाला."

माणगाव मागं टाकलं. ताम्हिणी घाट चढताना स्वराज आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "मग जागेचं काय?"

"रोप उभं आहे तोवर त्या तुकड्यात चाक येणार नाही. बाकीचं घरी बोलू."

"बोलू म्हणजे खरंच बोलू का?"

"बोलू."

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की कंटाळून, ते मला कळलं नाही. मुळशीला मुक्काम केला. पुण्यावरून पुढचा रस्ता मला संपतच नव्हता. संगमनेरला चहाला थांबायचं तर मीच नको म्हटलं, आणि मालनबाईंनी त्याबद्दल सिन्नरपर्यंत ऐकवलं.

दुपार कलायला लागली तेव्हा घरी पोचलो. घरात न जाता मी विहिरीकडे गेलो. सिंधू गेल्यापासून त्या वाटेला आलो नव्हतो. वाटेवर गवत माजलं होतं.

वाफ्याची एक बाजू गेली होती. दुसऱ्या बाजूचं रोप उभं होतं, दाट, हिरवं, बारीक. मंगलाबाईंनी चर काढला होता, पण एकट्या बाईनं किती काढायचा. एका कोपऱ्यात अजून पाणी तुंबलं होतं. मी वाकून माती हातात घेतली. दाबली की पाणी सुटत होतं.

"वाचेल का?" मालनबाईंनी विचारलं.

"ही बाजू वाचेल. डोंगळ्याला लागतील एवढे कांदे तरी होतील. त्याच्यापुढचं सांगता येत नाही."

हर्षाली वाफ्याच्या कडेला बसली होती. मी तिला दाखवलं, दाट रोपातलं कुठलं उपटायचं आणि कुठलं ठेवायचं, आणि उपटताना शेजारचं हलू नये म्हणून दुसऱ्या हाताचं बोट कुठं दाबायचं. ती एक उपटायची आणि माझ्याकडे बघायची. मालनबाईंनी साडी खोचली आणि पलीकडच्या टोकाला बसल्या.

"यातले डोंगळे झाले की मूठभर बी माझं," त्या रोप उपटता उपटता म्हणाल्या. "आत्ताच सांगून ठेवते. नंतर भांडायला मी एवढ्या लांब येणार नाय."

"तुम्हाला सून देईल. बी तिचं आहे."

हर्षालीनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली बघून काम करायला लागली.

मागं पावलं वाजली. स्वराज होता. प्रवासातलेच बूट पायात होते आणि खांद्यावर फावडं होतं. ते त्याला कुठं सापडलं कुणास ठाऊक. तुंबलेल्या पाण्यापाशी जाऊन तो उभा राहिला. इकडे तिकडे बघितलं.

"चर कुठून काढू?" त्यानं विचारलं.

मी उठलो आणि त्याला उतार दाखवला.